कारण: कोरडा दात

आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्याला सगळे ‘माहेर’ म्हणतात. दातावर नीट बसली नाही, उंच झाली, रंग जुळला नाही, अशा कारणांनी दवाखान्यातून परत आलेली कॅप तिच्या छोट्या डबीसकट तिथे ठेवायची. डबीसोबत एक चिठ्ठी असते. तिच्यावर दवाखाना, पेशंटचं नाव, दात कोणता, तारीख आणि शेवटी एक रकाना: कारण. हा रकाना ज्याने कॅप केली त्याने स्वतःच्या हातानं भरायचा, असा मालकीणबाईंचा नियम आहे. आपली चूक आपल्याच अक्षरात लिहिली की लक्षात राहते, असं त्यांचं म्हणणं.

टोपीकाकांची डबी माहेरी येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. सांगताना माती कालवणाऱ्या माणसापासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांचा आवाज असा, की जणू काकांच्या कॅप स्वतः त्यांनीच केल्या होत्या.

काकांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. टोपीकाका हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं. “एकतीस वर्षं लोकांना टोप्या घालतोय,” ते नव्या माणसाला हमखास सांगत, “आणि एकानंही पोलिसात तक्रार केली नाही.” हा विनोद मी पहिल्या आठवड्यात चार वेळा ऐकला आणि चारही वेळा हसले, कारण सांगून झाल्यावर ते स्वतः इतके खूश होत की न हसणं जिवावर यायचं.

मी दातांच्या तंत्राचा रीतसर अभ्यासक्रम करून आले होते. माझं काम संगणकावर. दवाखान्यातून तोंडाचा स्कॅन येतो, मी पडद्यावर कॅपचा आकार घडवते, मशीन तो कोरून काढतं. काका मला ‘इंजिनीअरबाई’ म्हणत. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“इंजिनीअरबाई, कॅप कशाला लागते सांगा बरं,” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मी पुस्तकातलं सगळं धडाधडा म्हटलं. मोडलेला दात, खूप झिजलेला दात, नस काढलेला, डागाळलेला, वेडावाकडा उगवलेला.

“पास झालात. आता हे बघा.” त्यांनी एक पांढरा मातीचा जबडा माझ्या हातात दिला. मागची एक दाढ विहिरीसारखी खोल होती, काठ नुसते कागदाएवढे. “याची नस काढलीय. आत पोकळ, बाहेर पातळ. एक दिवस दाताखाली खडा आला की उभा चिरणार. मग उपटण्याशिवाय काही राहत नाही. कुदळीच्या दांड्याला चीर गेली तर काय करतात?”

“दांडा बदलतात.”

“ही तुमच्या पिढीची उत्तरं. अहो, कडं घालतात! घट्ट कडं घातलं की त्याच दांड्यानं आणखी वीस वर्षं खणता येतं. टोपी म्हणजे ते कडं. दाताला धरून ठेवायचं, हे पहिलं काम. शोभा त्याच्यानंतर.”

पण शोभेतच त्यांचा हात चालायचा. लॅबमध्ये येण्याआधी ते घरांच्या दारांवरच्या पाट्या रंगवत. एका दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवताना त्यांनी पांढऱ्या जमिनीवर पांढरीच अक्षरं काढली, फक्त छटेच्या फरकानं, आणि तरी ती रस्त्यापलीकडून वाचता येत होती. डॉक्टर म्हणाले, “ज्याला पांढऱ्यात पांढरं दिसतं, तो पाट्या कशाला रंगवतोय?” तेव्हापासून काका दातांत पडले. सोन्याच्या टोप्यांची हौस त्यांनी पाहिली, पत्र्यासारख्या चकचकीत धातूच्या टोप्या पाहिल्या, धातूवर चिनी माती चढवायचे दिवस पाहिले. आता माझं मशीन आतला पक्का पांढरा गाभा कोरतं आणि त्याच्यावर काका मातीचे थर देतात. कुंचल्याच्या टोकावर ओली भुकटी घ्यायची, थेंबाएवढी ठेवायची, टिपकागदानं पाणी टिपायचं. भट्टीत ती आक्रसते, म्हणून दात आधी मोठा करायचा, जसं वाढत्या मुलाचे कपडे शिवतात, फक्त उलट्या दिशेनं.

त्यांचं टेबल खिडकीशी होतं. ऊन थेट येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड येतो, अशी ती खिडकी. समोरचा दात असला तर ते पेशंटलाच तिथे बोलवत. छटांची पट्टी घ्यायची, म्हणजे सोळा खोटे दात एका दांडीवर, आणि एकेक दात ओठांशी धरायचा. पाच सेकंद बघायचं. मग नजर टेबलावरच्या करड्या फडक्यावर न्यायची, डोळे विसावले की पुन्हा पाच सेकंद. “जास्त वेळ बघितलं की डोळा आपल्याला पाहिजे ते बोलायला लागतो,” ते म्हणत. आणि दात ओला पाहिजे. तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. दवाखान्यातली मंडळी अर्धा तास काम करून वाळलेल्या दाताचा रंग लिहून पाठवायची आणि काका फोनवर गरजायचे, “अहो, ओला दात बघा, ओला! कोरड्या दाताचा रंग म्हणजे मेकअप केलेल्या मुलीचा फोटो!”

हे सगळं खरं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते कळायला इतका वेळ लागला.

शनिवारी दुपारी काकू येत. त्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायच्या, शनिवारी लवकर सुटायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या होत्या. समोरचा एक दात मुका मार बसून काळा पडला, नस काढावी लागली, आणि त्याच्यावरची कॅप अर्थातच काकांनी केली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, असं ते म्हणत.

“ए, हसून दाखव ना यांना. ओळखा म्हणावं कोणता माझा आणि कोणता देवाचा.”

“लॅबमध्ये कसलं हसायचं,” काकू तोंडावर हात ठेवून म्हणायच्या. “ग्रंथालयात बसून बसून सवय गेली माझी. तिथे हसायला बंदी आहे.”

“लग्नात केवढी खळखळून हसायची ही. माझे वडील म्हणाले होते, सून आहे की धबधबा. आणि आता बघा.” मग थोडं खालच्या आवाजात मला, “पडल्यापासून गंभीरच झालीय. वय होतं ना माणसाचं.”

मीही तसंच समजले. बायका हात ठेवून हसतात, त्यात नवल काय.

मी आले त्या वर्षी काकांची पहिली डबी माहेरी आली होती, असं नंतर जुन्या चिठ्ठ्या चाळताना दिसलं. पुढच्या वर्षी तीन. यंदा एकामागोमाग एक सात. सगळ्या समोरच्या दातांच्या, सगळ्या रंगावरून परत. अकराही चिठ्ठ्यांवर कारणाच्या रकान्यात एकच गोष्ट, काकांच्या पाटीवाल्या सुबक अक्षरात: कोरडा दात.

लॅबमध्ये कुणी त्यावर बोलत नव्हतं. काकांच्या टेबलावर मात्र नवा दिवा आला, मग त्याहून मोठा दिवा, मग डोक्यावर बांधायचं भिंग. “हल्ली बल्बच भिकार येतात,” काका म्हणायचे.

शेवटी आली पोहायला शिकवणारी बाई. तलावाच्या काठावर पाय घसरून तिचा समोरचा दात आडवा तुटला होता. तिच्यासाठी काकांनी एक कॅप केली, ती परत आली. दुसरी केली, तीही परत. तेव्हा बाई स्वतःच खिडकीशी येऊन बसली. दात ओला होता. घोट घोट पाणी पाजून काकांनी तो ओला ठेवला होता. पाच सेकंद, करडं फडकं, पाच सेकंद. सगळं शास्त्राप्रमाणे. चार दिवसांनी तिसरी कॅप तिने तिथेच घालून बघितली, आरसा घेऊन खिडकीजवळ गेली, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून बघितली.

“काका, वाईट नका वाटून घेऊ,” ती म्हणाली. “पाण्याखाली असते तोवर चालेल. पण मला श्वास घ्यायला वर यावं लागतं ना.”

सगळे हसले. काकासुद्धा. मग ते वळून तिच्या तिन्ही कॅपच्या चिठ्ठ्या एकदम भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. हा दात कोरडा नव्हता.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. पार्टिशन पातळ आहे, आम्हाला सगळं ऐकू येतं.

“काका, रंग बघणारं मशीन घेतलंय आपण. महिनाअखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर रंगाचं काम मशीन आणि इंजिनीअरबाई करतील. तुम्ही जबडे ओतायचं टेबल सांभाळा. पगारात काही फरक नाही.”

“पगाराचं कोण बोलतंय,” काका म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी कुंचले धुतले, एकेक टोक ओठांत धरून अणकुचीदार केलं आणि ओळीनं ठेवले. खिडकीशी बसणाऱ्या माणसाला जबडे ओतायच्या टेबलावर बसवणं म्हणजे काय, ते मला त्या कुंचल्यांकडे बघून कळलं.

मला आकडे आवडतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माहेरच्या अकरा आणि पोहणाऱ्या बाईच्या तीन, अशा चौदा कॅप खाली काढल्या आणि नव्या मशीनखाली धरल्या. ते मशीन रंगाचे तीन आकडे देतं: उजळपणा किती, लालसरपणा किती, पिवळेपणा किती. ज्या दाताशी जुळवायचं त्याच्या फोटोंवरूनही अंदाज काढता येतो. मी कागदावर ठिपके मांडले. उजळपणा चौदाच्या चौदा वेळा जवळपास बरोबर. लालसरपणा बरोबर. तिसरा आकडा मात्र वाऱ्यावर उडालेला. एक कॅप फार पिवळी, पुढची निळसर, मग पुन्हा पिवळी.

दिवा खराब असता तर चूक एकाच बाजूला झाली असती. दात कोरडे असते तर उजळपणा चुकला असता. दोन्हीकडे चूक आणि तीही फक्त पिवळ्या-निळ्यात. म्हणजे बघणाऱ्याला तो फरक दिसतच नव्हता. माझ्या आजोबांना मोतीबिंदू झाला तेव्हा ते माझ्या निळ्या आणि राखाडी फ्रॉकमध्ये गोंधळ करायचे. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होतं आणि माणसाला वाटतं, जग पहिल्यापासून असंच आहे.

आता हे काकांना कोण सांगणार? मालकीणबाईंना आधी सांगितलं तर चुगली. काकांना सांगितलं तर उद्धटपणा. दोन दिवस मी नुसता कागद बॅगेत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मशीनसोबत आलेली नवी कोरी छटांची पट्टी सापडली आणि मला एक युक्ती सुचली. तिचे सोळाही दात मी दांडीवरून सोडवले, मागचे आकडे झाकले आणि दुपारी सगळे जेवायला गेल्यावर करड्या फडक्यावर पसरले.

“काका, एक पैज. हे रंगाच्या घराण्यांप्रमाणे ओळीनं लावून दाखवा.”

“अहो, डोळे मिटून लावीन. चौतीस वर्षं...” ते हात पुढे करत म्हणाले. एक दात उचलला. उलटा केला. दुसरा उचलला. “ही पट्टी कुठली?”

“नवी आहे.”

त्यांनी दात खाली ठेवला. त्यांच्या जुन्या पट्टीवरच्या प्रत्येक दाताला काही ना काही खूण होती. एकाचं टोक उडालेलं, एकावर ओरखडा, एक भट्टीजवळ राहून डागाळलेला. नव्या सोळा दातांना एकही खूण नव्हती. पाच सेकंद, करडं फडकं, पाच सेकंद. वीस मिनिटांनी त्यांनी ओळ लावली. मी झाकलेले आकडे उघडले. उजळ ते गडद क्रम चोख होता. पण पिवळ्या घराण्यातले आणि करड्या घराण्यातले दात एकमेकांत असे मिसळले होते, की सोळापैकी सात चुकीच्या जागी.

मी ठिपक्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला. त्यांना आकडे कळतात.

“म्हणजे मी रंग ओळखत नव्हतो,” ते शेवटी म्हणाले. “ओरखडे ओळखत होतो.”

“काका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे...”

“आणि फोनवर ओरडत होतो लोकांवर.” त्यांनी कोट घेतला. दारापाशी थांबले. “किती पोरींना रडवलं असेल मी त्या दवाखान्यांतल्या. ओला दात, ओला दात म्हणून.”

पुढचे दोन दिवस ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला: घरी ये, हे काही बोलत नाहीत.

गेले तर काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. झोपलेले नव्हते. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकी पूर्वेची, ओट्यावर लख्ख उजेड. चहा गाळता गाळता दूध उतू गेलं, काकू “अगं बाई!” म्हणून हसल्या, हात दोन्ही गुंतलेले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा तो दात उजेडात पाहिला.

मशीन लागलंच नाही. शेजारचे दात वयाप्रमाणे हळदुवे झालेले, आणि मधोमध तो एक, थंड, निळसर, आकार इतका सुंदर की रंगाची चूक आणखीच उठून दिसत होती.

काकूंनी माझी नजर पकडली. भांडं खाली ठेवलं.

“बघितलंस ना?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आरसा आहे की घरात. बसवायच्या आधीच दातांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, परत पाठवू या का? मी म्हटलं, अजिबात नाही. हे बाहेर बाकावर बसले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. आत आले आणि माझ्याकडे बघून यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, कळतच नाही गं, कुठला आहे ते. आता ह्याच्यावर काय बोलणार?”

“म्हणून तुम्ही हसायचं सोडलंत?”

“सोडलं कुठे. तोंड मिटून हसते. पोटात हसते.” त्या हसल्या, तोंड मिटून. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि आवाज खाली आणला. “तू म्हणतेस तसा मोतीबिंदू असला तर डोळ्यांचे डॉक्टर आता ऑपरेशन करा म्हणतील. करायलाच पाहिजे. पण डोळ्यावरची पट्टी काढली की पहिलं काय बघतील हे? मलाच ना? तू मशीनवर एक दात कर. यांना कळायच्या आत बदलून टाकू.”

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, किती सोपं आहे. जुना स्कॅन आमच्याकडे होता. मी डॉक्टर मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, तर त्यांनी मला तिथल्या तिथे झाडलं.

“तू कॅप करणारी आहेस ना? मग ती काढतात कशी ते विसरलीस? टोपी डोक्यावरून उचलतात तशी नाही निघत ती. पक्की चिकटलेली आहे, चिरून काढावी लागते. दर वेळी खालच्या दाताचं थोडं थोडं जातं, आणि त्यांचा मुळात केवढासा उरलाय! काढायची तर एकदाच, आणि जी बसेल ती कायमची बसली पाहिजे. घाईची आणि चोरीची कॅप मी बसवणार नाही. आणि काय गं, नवऱ्यानं स्वतः कोरलेला दात, त्याच्या मागच्या बाजूची खोबण त्याला ओळखता येणार नाही?”

ते खरंच होतं. काकांच्या प्रत्येक समोरच्या दाताच्या पाठीमागे नखाच्या टोकाएवढी एक पन्हळ असायची. माझ्या मशीनला ती अजून जमलेली नाही.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ टेबलावरचे चहाचे थेंब पुसत राहिल्या. “म्हणजे त्यांना दिसणारच,” त्या म्हणाल्या. “बरं. मग त्या दिवशी तू ये. मी एकटी असले तर पुन्हा तोंड मिटून घेईन.”

काका ऑपरेशनला कसे तयार झाले ते मला माहीत नाही. काकूंनी फक्त एवढंच सांगितलं, की त्यांनी रात्रीच्या जेवणात मीठ कमी घातलं आणि म्हटलं, तुमची जीभ शाबूत आहे का ते बघत होते, डोळे तर गेलेच आहेत. त्यावर भांडण झालं, आणि भांडण झालं म्हणजे माणूस बोलायला लागला.

आधी उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी काढली त्याच सकाळी मी त्यांच्या घरी गेले. काका स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो.

“इंजिनीअरबाई, हा डोळा झाकला की सगळं जग जुन्या वर्तमानपत्रासारखं. हा झाकला की आत्ताच धुऊन वाळत टाकल्यासारखं. ही भिंत पांढरी आहे! मी हिला दोन वर्षं सांगतोय, भिंत पिवळी पडली, रंग देऊ या. आणि ही म्हणते, पडू दे.”

“मग काय म्हणणार?” काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. “तुम्ही दोनदा रंगाऱ्याला घरी आणलंत. दोन्ही वेळा मी त्याला मागच्या दारानं वाटेला लावलं. तो बिचारा मला विचारत होता, साहेबांना नेमकी कोणती भिंत दिसतेय?”

काका हसायला लागले. मला हसू आवरेना. काकू वळल्या. हात ओला होता, तो त्यांनी वर नेला, अर्ध्यात थांबवला आणि खाली घेतला. मग त्या हसल्या, खरंच धबधब्यासारख्या, तोंड पूर्ण उघडून, खिडकीतला सगळा उजेड त्या दातांवर.

काका हसत हसत थांबले. पाच सेकंद. सवयीनं त्यांची नजर करडं काहीतरी शोधत खाली गेली, ओट्यावरच्या फडक्यावर टेकली, आणि पुन्हा वर आली. पाच सेकंद.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मी आख्ख्या लॅबला सांगत होतो, ओळखून दाखवा म्हणून.”

“कुणी ओळखला का? मी तोंडच उघडलं नाही.”

“मी म्हणायचो, तुझं वय झालं.”

“ते तर झालंच आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला चहा हवाय की नुसतं बघत बसणार?”

त्यांनी चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर मला म्हणाले, “डॉक्टर मॅडमना विचारलंत का, काढता येईल?”

“एकदाच काढता येईल, म्हणाल्या.”

“एकदाच पुरे.”

दुसऱ्या डोळ्याचं महिन्याभरानं झालं. मालकीणबाईंची महिनाअखेर मध्ये येऊन गेली होती. त्यांनी काकांना जबड्यांचं टेबल दिलं नाही, खिडकीही दिली नाही. “आधी पोहणाऱ्या बाईंचा दात,” एवढंच म्हणाल्या. ती बिचारी इतके दिवस तात्पुरती कॅप घालून तलावात उतरत होती.

काकांनी तिला पुन्हा खिडकीशी बसवलं. टेबलावरचे दोन्ही मोठे दिवे काढून टाकले होते. त्यांनी छटा निवडली, कागदावर लिहून उलटी ठेवली आणि मला म्हणाले, “आता तुमचं मशीन लावा.” मशीनचं आणि त्यांचं उत्तर एक आलं. त्यांनी मान हलवली आणि खाली लिहिलं: कडेला किंचित करडी झाक. ते मशीननं सांगितलं नव्हतं. चौथी कॅप घालून बाई आरशासमोर उभी राहिली, जिभेनं चाचपलं, आणि विचारलं, “आता मला आठवत नाहीये, तुटलेला डावा होता की उजवा?” मालकीणबाई केबिनच्या दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी जबडे ओतायच्या टेबलासाठी दुसऱ्या माणसाची जाहिरात द्यायला सांगितली.

काकूंची कॅप त्यानंतर झाली. त्यांना खिडकीशी बसवल्यावर काका दर दोन मिनिटांनी म्हणत, “पाणी पी, दात वाळतोय,” आणि काकू म्हणत, “बोलू द्या म्हणजे वाळणार नाही.” गाभा मी कोरला. मातीचे थर त्यांनी तीनदा दिले, तीनदा भाजले. पन्हळ काढताना मी पाठीमागे उभी राहून बघत होते. त्यांनी मला हाकललं नाही.

डॉक्टर मॅडमनी जुनी कॅप उभी चिरून दोन तुकड्यांत काढली. खालचा दात शाबूत होता, काठ स्वच्छ. काकूंनी तीन वर्षं हसणं लपवलं होतं, पण घासणं चुकवलं नव्हतं. “कीड टोपीला लागत नाही, टोपीच्या कडेला लागते,” हे त्या चौतीस वर्षं ऐकत आल्या होत्या. नवी बसली. काका या वेळी बाहेर बाकावर बसले नाहीत, आत उभे राहिले. आधी काकूंच्या हातात आरसा दिला, मग विचारलं, “खरं सांग.”

काकू आरसा घेऊन खिडकीपर्यंत गेल्या. आम्ही तिघं त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

“डावीकडचा थोडा वाकडा दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“तो तुझा स्वतःचा आहे.”

“हो का? मग छान आहे.”

दोन तुकडे काकांनी रुमालात बांधून लॅबमध्ये आणले. मला वाटलं, घरी ठेवतील किंवा फेकतील. त्यांनी एक डबी घेतली, तुकडे आत ठेवले, कोरी चिठ्ठी काढली. दवाखाना. दात: वरचा, समोरचा, उजवा. तारीख. मग माहेरच्या कप्प्यातून त्यांच्या बाकीच्या अकरा चिठ्ठ्या खाली काढून शेजारी ठेवल्या. पोहणाऱ्या बाईच्या तीनही होत्या, रकाने रिकामे.

मी माझ्या पडद्याकडे वळले. एक स्कॅन उघडला, एका शिंप्याचा. धागा दातांनी तोडून तोडून दोन दात निम्मे झिजवले होते त्याने. मागे बराच वेळ फक्त पेनाचा आवाज येत होता. ते पाटीची अक्षरं घाईनं लिहीत नाहीत.

ते जेवायला गेल्यावर मी उठून बघितलं. अकरा चिठ्ठ्यांवरचं ‘कोरडा दात’ एका सरळ रेघेनं खोडलं होतं, वाचता येईल असं. पंधराही चिठ्ठ्यांवर कारणाच्या रकान्यात आता एकच गोष्ट होती: करणाऱ्याचा डोळा.

सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर मात्र पेशंटच्या नावाच्या जागी त्यांनी नाव लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: घरची. आणि त्याच्यापुढे, कंसात नाही, रकान्यातही नाही, जागा सापडेल तिथे बारीक अक्षरात: परत पाठवायला हवी होतीस.

मी डब्या नीट लावून ठेवल्या आणि फोन उचलला. एका दवाखान्यातून नवी मुलगी बोलत होती, समोरच्या दाताचा रंग सांगायचा होता. मी विचारलं, “दात ओला असताना बघितलात का?”

“हो मॅडम,” ती घाबरत म्हणाली. “तुमच्याकडचे ते काका ओरडतात ना.”

“ते बरोबरच ओरडतात,” मी म्हटलं. “पण आता पेशंटलाच पाठवून द्या. ते खिडकीशी आहेत.”